संबळ तुळजापुरात, झील औरंगाबादेत

2020 चं नवरात्र. कोरोनामुळे बंद असलेली नाट्यगृहं निम्म्या खुर्च्या भरून उघडायची परवानगी 5 नोव्हेंबरपासून मिळाली, त्याआधीचा हा प्रयोग. झूमवर जमून यूट्यूबवर थेट दाखवायचा. मी औरंगाबादेत लॅपटॉपवर, नायिका परभणीत, तिचा बाप अंबाजोगाईत आणि गोंधळाचा प्रवेश करणारे काका-पुतणे तुळजापुरात. संवाद बसले, अडलं ते संबळापाशी.

झूम माणसाचं बोलणं ठेवतं, बाकीचा आवाज गोंगाट समजून दाबतं. संबळाचे एक-दोन ठोके येतात, पुढचे विरतात. तुणतुणं तर जातंच. म्हणून तुळजापूरच्या लॅपटॉपवर ‘ओरिजिनल साउंड’ (आवाज न गाळता पाठवायची सोय) चालू आणि इको कॅन्सलेशन (फिरून येणारा आवाज छाटणं) बंद. मग मात्र इअरफोन लागतोच, नाहीतर आवाज फिरून परत येतो. लॅपटॉप संबळापासून पाच-सहा फुटांवर, घडी घातलेल्या घोंगडीवर. नुसत्या फरशीवर ठोक्याचा धक्का माइकमध्ये शिरतो.

झील, म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या ओळीला साथीदारांनी सुरात दिलेलं उत्तर, ही खरी अडचण. झीलकरी वेगळ्या घरात असले की काकांचा सूर त्यांच्याकडे उशिरा पोचतो, त्यांचं उत्तर परत यायला आणखी उशीर, आणि ताल फुटतो. पण प्रेक्षकाला ऐकू येतं ते माझ्या लॅपटॉपवर पोचलेलंच. तिथं जुळलं की पुरे. झीलकऱ्यांनी इअरफोनमध्ये संबळाचं रेकॉर्डिंग ऐकत झील आधीच गाऊन पाठवली. प्रयोगात काका ओळ संपवून थांबायचे, पुतण्या झीलेपुरती जागा नुसता संबळ वाजवायचा आणि मी समेवर, तालाच्या पहिल्या ठोक्यावर, कळ दाबून झील सोडायचो. त्यांना ती ऐकूच येत नव्हती! लय सुटू नये म्हणून पुतण्याच्या एका कानात ठरल्या लयीत टकटक करणारा मेट्रोनोम. ऐकू न येणाऱ्या झीलेसाठी इतकी नेमकी जागा सोडणं सोपं नाही. ही त्यांची तालीम होती.

ऐन गोंधळात परभणीची लाईट गेली. राऊटर बंद, नायिका बाहेर. एक माणूस गळला की झूमच्या चौकटींची जागा बदलते, कधी आकारही, आणि ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये झूममधून कातरून घेतलेली चित्रं भलतीकडे जातात. आवाजाला मात्र चौकटीशी देणंघेणं नसतं. याच वेळेसाठी पेटत्या दिवटीची चित्रफीत ओबीएसच्या वेगळ्या सीनमध्ये ठेवली होती. कळ दाबून ती लावली, खाली संबळ थेट चालू. काकांना व्हॉट्सॲप केलं: ‘वाजवत राहा, परभणीची लाईट गेली.’ त्यांनी आणखी एक पद घेतलं.

नायिका मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून परतली. ‘भाऊ, आवाज यायलाय का?’ परतणारा माणूस रांगेत शेवटी बसतो. म्हणून वेटिंग रूममधून कलाकार आत घेताना इन्व्हर्टर असलेल्या घरांना आधी घ्यायचं, जिथल्या लाईटचा भरवसा नाही त्यांना शेवटी. तिची चौकट जागेवरच आली. पद संपताच दिवटी काढून बापलेकीचा प्रवेश सुरू केला.