440 की 442?

न्यू जर्सीत मी पियानो ट्यून करतो. फेब्रुवारीतल्या एका शनिवारचं काम अजून डोक्यातून जात नाही.

गावातल्या हौशी ऑर्केस्ट्राचा संध्याकाळी कार्यक्रम होता. वादकांत शिक्षक, नर्स, निवृत्त इंजिनियर. पूर्वार्धात अमेरिकन संगीतकार कोपलंडचं 'अपलॅचियन स्प्रिंग', उत्तरार्धात गर्श्विनचं 'रॅप्सडी इन ब्लू'. 'रॅप्सडी'त पियानो नायक असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. 'अपलॅचियन स्प्रिंग'मध्येही तो आहे, 1944 च्या मूळ 13 वाद्यांतसुद्धा होता. पण ऐकणाऱ्यांच्या ते लक्षात राहत नाही. म्हणजे त्या रात्री पियानोला सुट्टी नव्हतीच.

पियानो शाळेचा. हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी पडते, आतला लाकडी साउंडबोर्ड आकसतो आणि स्वर उतरतो. स्वर मोजणारं मशीन लावलं तर मधला ए, ज्याला सगळा ऑर्केस्ट्रा जुळवतात, सेकंदाला 440 कंपनांऐवजी 435 च्या आसपास, म्हणजे जवळपास 20 सेंट खाली (एका श्रुतीच्या नव्हे, एका अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाला आम्ही सेंट म्हणतो). हे एका रात्रीत होत नाही. वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसतं, कारण असा पियानो सगळ्यांचा असतो आणि म्हणून कुणाचाच नसतो. पोस्टर छापायला पैसे मिळतात, हवेतला ओलावा राखणाऱ्या यंत्राला मिळत नाहीत. थर्मोस्टॅटला तर कुलूप, तापमान कुठल्यातरी दूरच्या ऑफिसातून ठरतं.

मग ऑर्केस्ट्राच खाली जुळवायचा का? व्हायोलिनला जमेल, क्लॅरिनेट थोडं बाहेर ओढता येईल. पण तालवादकाने भाड्याने आणलेलं ग्लॉकनश्पील (छोट्या हातोड्यांनी वाजवायचं पोलादी पट्ट्यांचं वाद्य) 442 वर घडवलेलं होतं. त्या पोलादी पट्ट्या कुणासाठी हलत नाहीत. ज्याच्यावरून बाकीचे जुळवतात तो ओबो 440 देणार, ग्लॉकनश्पील आठ सेंट वर आणि पियानो वीस खाली. पियानोच वर न्यावा लागणार होता.

सगळ्या तारांचा मिळून ताण 18-20 टन असतो. एक खुंटी पिळली की फ्रेम आणि साउंडबोर्ड किंचित दबतात आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येक तार हव्या त्या जागेच्या थोडी वर न्यायची, खाली येते किती ते बघायचं आणि मग दुसरी, खरी फेरी. घरचे विचारतात, तंबोरा लावतोस तसंच का? तंबोऱ्याच्या चार तारा गायकाच्या षड्जाला धरून लावतात. इथे सव्वादोनशेच्या वर तारा आणि त्यातली एकही पंचमात पूर्ण शुद्ध ठेवायची नाही.

442 पर्यंत नेलं असतं तर जुन्या तारांवर आणखी भार आणि कार्यक्रमापर्यंत घसरण्याची धास्ती. मी 440 धरला. पण ग्लॉकनश्पील वाजतं ते पियानोच्या वरच्या सप्तकांत, आणि पोलादी तारेच्या ताठरपणामुळे ती सप्तकं तशीही थोडी चढी लावावी लागतात. सहाव्या-सातव्या सप्तकाच्या वळणावर मी हा चढ जरा मोकळा ठेवला, त्यावरती आवरता घेतला. मधले स्वर 440 च्या हिशोबात आणि वरचे ग्लॉकनश्पीलच्या जवळ. तालमीत तालवादकाने पट्टी वाजवली, पियानोवादिकेने तोच स्वर लावला आणि दोघांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या कामाचा मला अभिमान आहे.

संध्याकाळी हॉल भरला, दिवे लागले. ऊब वाढली की फुंकवाद्यं चढतात आणि पियानोच्या तारा उतरतात. दोघं एकमेकांपासून दूर जातात, आणि त्याला मी काही करू शकत नाही. मध्यंतरात कुकीज खाणाऱ्या पोरांच्या गलक्यात कान लावून मधल्या दोन सप्तकांतल्या तारा सारख्या केल्या. लोकांनी पियानोच्या आसपास बोलणं थांबवावं एवढीही अपेक्षा तिथे कुणी ठेवत नाही.

'रॅप्सडी'च्या सुरुवातीला क्लॅरिनेटची ती वर घसरत जाणारी तान आली, नर्स असलेल्या त्या बाईंनी सुंदर घेतली. स्वर चढू नये म्हणून क्लॅरिनेटचं बॅरल (तोंडाजवळचा सांधा) आधीच बाहेर ओढून ठेवलं होतं. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये 'रॅप्सडी' पहिल्यांदा वाजलं तेव्हाही फेब्रुवारीच होता. मधली संथ धून आली तेव्हा पियानोचा एक स्वर मला किंचित ढिला वाटला. शेजारच्याला विचारलं, त्याला काहीच जाणवलं नव्हतं. टाळ्या बराच वेळ चालल्या.

मी मात्र तेव्हापासून हिशोब मांडतोय. 441 धरला असता तर? ग्लॉकनश्पील चार सेंटवर आलं असतं, ओबोने ते अंतर सहज कापलं असतं, आणि तारांवरचा जास्तीचा भारही चारच सेंटांचा. पण तारा स्थिरावायला ही फेरी आठवडाभर आधी झाली असती तरच. समितीला लिहून दिलंय: पुढच्या वेळी भाड्याचं ग्लॉकनश्पील कोणत्या पिचचं आहे ते आधी कळवा, आणि मला आठवडाभर आधी बोलवा. उत्तर अजून आलेलं नाही.