आमची वाटचाल : लाल वही वाहून गेली त्यानंतर

22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतलं आमचं दुकान छतापर्यंत बुडालं. गणपतीसाठी भरून ठेवलेली आंबापोळी, फणसपोळी, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, कुळथाचं पीठ, सगळं चिखलात गेलं. सासूबाई मात्र मालासाठी रडल्या नाहीत. गल्ल्याखालच्या खणात एक लाल वही असायची, तीत वीस वर्षांच्या गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि शेरे होते. 'दादरच्या काकू, आगळ कमी मीठ.' 'ठाणे, दोन पोळ्या जास्त घाला, नातू आलाय.' त्या वहीसाठी त्या रडल्या. माझा फोनही त्याच पाण्यात गेला.

चार-पाच दिवसांनी पुण्याचा पुतण्या मदतीला आला. चिखल उपसताना म्हणाला, "काकू, परदेशातले आणि ऑफिसवाले ऑर्डर मेलवर पाठवायचे ना? ते सगळे मेल आहेत की अजून." रात्री त्याने बसून ते उपसले. 640 पत्ते निघाले. आमच्या धंद्यात मेल आला तो असा, हौस म्हणून नाही.

व्हॉट्सअॅप का नाही, असं सगळेच विचारतात. व्हॉट्सअॅप आम्ही वापरतोच. पण तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत 256 च माणसं बसतात, आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनात साठवलाय त्यांनाच तो निरोप जातो. माझा नंबर साठवलेली माणसं बहुतेक चिपळूणचीच. त्यांना निरोप कशाला हवा? ती दुकानात येतात.

पहिला मेल मी साध्या जीमेलमधून, सगळ्यांना एकदम पाठवायला गेले. तिथे दिवसाला पाचशे माणसांची मर्यादा असते हे मला मेल अडकल्यावर कळलं. मग पुतण्याने अनेकांना एकदम मेल पाठवून देणाऱ्या एका परदेशी सेवेत खातं उघडून दिलं. तिथलं भाडं यादीतल्या नावांवर, दरमहा, डॉलरमध्ये. मेल पाठवा न पाठवा, भाडं चालू. ज्यांनी 'नाव काढा' म्हटलं त्यांचीही नावं हिशेबात धरलेली. त्यात 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा कार्डावरच्या आपोआप कपातीचा नियम बदलला आणि आमचं कार्ड तिथे चालेना. ऐन दिवाळीच्या तोंडावर खातं बंद. तिकडे मदत मागायची तर इंग्रजीत चॅट करायचा, तोही आमच्या रात्री.

दुसऱ्या सेवेशी बिनसलं ती मात्र चूक आमचीच. मुंबईच्या एका प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवाल्याने त्याच्याकडची नऊशे पत्त्यांची यादी दिली, बदल्यात आमची मागितली. आमची मी दिली नाही, पण त्याची घेतली. घ्यायला नको होती. त्या लोकांनी आमचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी मेल उघडून 'स्पॅम' दाबलं आणि दोन दिवसांत सेवेने खातं गोठवलं. आमची जुनी, खरी गिऱ्हाइकंही त्याच खात्यात अडकली. महिनाभर मी सगळ्या जगावर चिडले होते, पुतण्यासकट.

तिसऱ्या वेळी मी जाहिराती वाचल्या नाहीत. कागद घेऊन आमचं वर्ष मांडलं. आम्ही मेल कधी पाठवतो? मार्चअखेर आंब्याचा, मे महिन्यात आगळाचा, गणपतीआधी एक, दिवाळीआधी एक. फार तर आणखी एखादा. म्हणजे वर्षाला पाच. तोवर यादी 1100 वर गेली होती. 1100 गुणिले पाच, साडेपाच हजार मेल, तेही वर्षभरात. उरलेले महिने यादी नुसती पडून. अशा धंद्याने नावांवर दरमहा भाडं भरणं म्हणजे चार दिवसांच्या जत्रेसाठी वर्षभराचा गाळा घेणं.

शेवटी दोन नावं उरली. चेन्नईच्या झोहो कंपनीची 'कॅम्पेन्स' ही मेलसेवा, रुपयांत बिल, जीएसटीचा कागद व्यवस्थित. आणि ब्रेव्हो, फ्रान्सची कंपनी, 2023 पर्यंत तिचं नाव सेंडिनब्लू होतं. तिचा हिशेब पाठवलेल्या मेलवर, यादी वाढली म्हणून भाडं वाढत नाही, आणि दिवसाला 300 मेल फुकट. मोफत योजनेत मेलखाली त्यांचं नाव छापून येतं, ते आम्हाला चाललं, म्हणून ब्रेव्होच घेतलं. बाटलीच्या बुचावर बूचवाल्याचं नाव असतंच. रोज पाठवणारा बेकरीवाला विचारायला आला तर मी त्याला हे सांगणार नाही. त्याचं गणित वेगळं निघेल.

300 ची मर्यादा अडचण वाटली होती, पण ती आमच्या पथ्यावर पडली. मी, जाऊबाई आणि दोन बायका मिळून दिवसाला जास्तीत जास्त चाळीस पार्सलं बांधतो. पूर्वी सगळ्यांना एकदम मेल गेला की दोन दिवसांत सव्वाशे ऑर्डरी यायच्या, घाईत बुचं सैल राहायची आणि आगळ कुणाच्या तरी पार्सलात सांडायचं. आता यादीचे चार भाग केलेत. पहिल्या दिवशी परदेशातले, कारण त्यांच्या पार्सलाला वेळ लागतो. मग गेल्या वर्षी ज्यांना माल पुरला नाही ते. मग मुंबई-पुणे, शेवटी बाकीचे. बांधणाऱ्या हातांना झेपेल तेवढंच रोज येतं.

सेवा ठरल्यावर काम संपलं असं वाटलं होतं, तर पुतण्याने स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा आमच्या नावाचा पत्ता, घ्यायला लावलं. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले, जीमेलच्या पत्त्यावरून अशा सेवेतून मेल पाठवले तर ते कचऱ्यात जायची भीती असते. डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी घालायच्या असतात. मला समजलेला अर्थ असा : मेल आमच्याच घरून निघालाय, याचा तो पोस्टाचा शिक्का. दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांना हे तिन्ही आणि एका टिचकीत नाव काढायची सोय सक्तीची. आम्ही त्यांच्यात मोडत नाही, तरी सगळं केलं. हजारात तीन तक्रारींपर्यंत मजल जाऊ द्यायची नाही, हा गूगलचा आकडा मी दुकानात भिंतीवर लिहून ठेवलाय. प्रदर्शनातल्या यादीची आठवण म्हणून.

मजकुराचं मात्र आम्हाला कुणी शिकवू शकलं नाही. सेवेतल्या तयार साच्यांत सॅलडचे फोटो आणि मोठी नारिंगी बटणं होती. दोनदा तसं सजवून पाठवलं, ऑर्डरी नेहमीपेक्षा कमी आल्या. 2025 ला पाऊस मेमध्येच कोसळला, रातांब्याच्या साली वाळवायला ऊनच मिळालं नाही. तेव्हा सासूबाईंनी जे सांगितलं तेच मी टाइप केलं. विषय : 'यंदा आमसुलं नाहीत, आगळ आहे.' खाली पाच ओळी, ऊन का मिळालं नाही ते, आगळ किती बाटल्या निघालं ते. एकही फोटो नाही. आगळ सहा दिवसांत संपलं. किती जणांनी मेल उघडला हा आकडा मी आता बघत नाही. 2021 पासून आयफोनमध्ये मेल न उघडताही उघडल्यासारखा दिसू शकतो. उत्तरं किती आली ते बघते. आमसुलं नाहीत म्हटल्यावर चाळीस जणांनी, हरकत नाही, पुढच्या वर्षी ठेवा, असं कळवलं.

दर महिन्याच्या एक तारखेला मी पूर्ण यादी उतरवून घेते, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक छापील. छापील सासूबाईंच्या नव्या लाल वहीत चिकटते आणि वही माळ्यावर जाते. शेरे त्या अजून हातानेच लिहितात.

गेल्या वर्षी, 25 ऑगस्ट 2025 ला, गणपतीच्या दोन दिवस आधी, भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. तिथल्या नव्या शुल्कनियमांचा घोळ होता. आमच्या यादीत देशाप्रमाणे खुणा केलेल्या होत्या, त्यामुळे अमेरिकेतल्या 63 जणांना तासाभरात मेल गेला : माल तयार आहे, पाठवता येत नाही, पैसे परत हवेत की थांबता? बाकी हजार जणांना याचा पत्ताही लागला नाही. बुकिंग 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं, दिवाळीला जेमतेम आठवडा उरला असताना. पण तोवर त्यातल्या एकवीस जणांनी एकसारखंच उत्तर पाठवलं होतं. पैसे नकोत, तोच डबा आईकडे पाठवा. कुणाची आई कोथरूडला, कुणाची सांगलीला, एकीची तर आमच्या दुकानापासून चार गल्ल्या पलीकडे. तिचा डबा सासूबाई स्वतः देऊन आल्या आणि परत आल्यावर वहीत शेरा लिहिला : 'चहा छान करते.'