वॅगनमधल्या नायिका, बेकरीतल्या नायिका

रविवार, रात्री

या पावसाळ्यात मी इंग्रजी ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांचा सपाटा लावलाय. अमेरिकेत हा एक वेगळा बाजारच आहे. शिवीगाळ नाही, लग्नाआधी बेडरूमचं दार उघडत नाही, चुंबन आलंच तर पार शेवटी, आणि नायक-नायिकेच्या सोबत देव हे तिसरं पात्र कायम हजर. काय वाचतेस म्हणून पाळकांनी विचारलं तर बिनधास्त सांगता येईल आणि कॉलेजातल्या मैत्रिणीनं विचारलं तर जरा विषय बदलावा लागेल, अशी ही पुस्तकं.

मावशीला इंग्रजी वाचता येत नाही. उपासनेनंतर तिच्याकडे जेवायला गेले की मी गोष्ट मराठीत सांगते आणि ती लसूण सोलता सोलता खुसपटं काढते. आज 'लव्ह कम्स सॉफ्टली' सांगितली. जॅनेट ओक या कॅनेडियन बाईंची, १९७९ची. हल्लीच्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांची लाट हिच्यापासूनच उसळली असं मानतात.

मार्टी नवऱ्याबरोबर वॅगनमधून अमेरिकेच्या पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेली. वाटेत अपघातात नवरा जातो. माती देऊन होते न होते तोच क्लार्क डेव्हिस नावाचा विधुर पुढे येतो. माझ्या लहान मुलीला आई हवी, तुला छप्पर हवं, पाळक आज इथे आहेत, तेव्हा लग्न करून टाकू. वसंतात पूर्वेकडे गाड्या परत जातील तेव्हा तुला जायचं असेल तर भाडं मी देईन. मार्टीच्या पोटात पहिल्या नवऱ्याचं मूल. जाणार कुठे? मनात धुमसत ती हो म्हणते.

"म्हणजे आधी लग्न, मग ओळख," मावशी म्हणाली. "यात लिहिण्यासारखं काय आहे? आमचं सगळ्यांचं असंच झालं."

मग थोड्या वेळानं, लसणावरची नजर न काढता, "आणि तो झोपतो कुठे?"

घराला टेकून बांधलेल्या छपरीत, मी सांगितलं. मावशीचा क्लार्कबद्दलचा आकस तिथेच संपला.

हे पुस्तक भाबडं आहे. क्लार्कइतका समजूतदार माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण वाचताना मी ते खाली ठेवलं नाही, कारण मार्टीला अडवणाऱ्या गोष्टी खऱ्या आहेत: हिवाळा, पोटातलं मूल, शेजारी कोसभर लांब, आणि चुलीवर काय शिजवायचं याची रोजची विवंचना. तिला जेमतेम पॅनकेक जमतात. प्रेमाचा उच्चार न होता अर्धी कादंबरी चालते आणि तरी प्रेमाचंच चाललंय हे कळतं.

मंगळवार

आजच्या काळातल्या कादंबऱ्यांचं मात्र अवघड आहे. दोन सलग वाचल्या आणि आता कुठल्या गावात कोण होतं ते आठवत नाही. नायिका मोठ्या शहरात हरून आपल्या छोट्या गावी परत येते आणि आजीची बेकरी चालवायला घेते. नायक एकटा बाप, पूर्वी कुणीतरी गेल्यामुळे देवावर रुसलेला. त्याची मुलगी सहा वर्षांची आणि वयाच्या मानाने फारच शहाणी. पुढे गैरसमज होतो. एक फोन केला असता तर मिटला असता, पण फोन होत नाही, कारण अजून ऐंशी पानं उरलेली असतात. मग चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून नायक प्रार्थना करतो आणि सगळं सुरळीत होतं. हार्लेक्विन या प्रकाशनाची १९९७ सालापासून अशा कादंबऱ्यांची खास मालिकाच आहे, तेव्हा वाचणाऱ्या पुष्कळ असणार. त्यांत मीही आलेच.

मला वाटतं, हिवाळ्याचं आणि मृत्यूचं काम इथे लेखिकेला देवाकडून करून घ्यावं लागतं. अडसरही त्यानेच घालायचा, काढायचाही त्यानेच. देव बिचारा कथानकाच्या नोकरीला लागल्यासारखा वाटतो.

अपवाद एक सापडला. बेव्हर्ली लुइस यांची 'द शनिंग', ही १९९७चीच. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचे अमिश लोक, म्हणजे जुन्या साध्या राहणीला धरून असलेला ख्रिस्ती पंथ. केटीचं लग्न समाजाच्या बिशपशी ठरलेलं, आणि घराच्या माळ्यावर तिला तान्ह्या बाळाचा साटिनचा झगा सापडतो. साध्या कपड्यांच्या त्या घरात साटिन आलं कुठून? आपण दत्तक आहोत हे तिला कळतं आणि तिथून सगळं फाटत जातं. शेवटी समाज तिला वाळीत टाकतो. हे मावशीला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ख्रिस्ती माणसांनीच ख्रिस्ती मुलीला वाळीत टाकलं?"

गुरुवार

'रिडीमिंग लव्ह' संपली. फ्रान्सिन रिव्हर्स आधी साध्या प्रेमकादंबऱ्या लिहायच्या; ख्रिस्ताकडे वळल्यावर त्यांनी ही लिहिली, १९९१मध्ये. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याला देव वेश्येशी लग्न करायला सांगतो, ती गोष्ट सोनं सापडल्यानंतरच्या कॅलिफोर्नियात आणून ठेवली आहे. एंजल लहानपणीच विकली गेलेली. मायकल तिला लग्न करून शेतावर आणतो, ती पळते, तो आणतो, ती पुन्हा पळते. लोक हे वाचून रडतात. मीही रडले. पण एक गोष्ट खुपली. देवाने मायकलला सांगितलं की हीच तुझी बायको. एंजलला कुणीच काही सांगितलं नाही.

या सगळ्या कादंबऱ्यांचा नियम एकच: आधी ख्रिस्तावर विश्वास, मग लग्नाचं सुख. बायबलमधल्या करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातला विजोड जोडीचा इशारा, म्हणजे विश्वास नसलेल्याशी जोडी जमवू नका हा, कथानकाचा कणाच होऊन बसतो. नायक विश्वासात आला की दार उघडतं. मावशीला हे पटत नाही, आणि तिचं कारण धर्मशास्त्राचं नाही. "आपल्याकडे विश्वासाची अडचण येतच नाही गं. मुलगा मंडळीतला, मुलगी मंडळीतली, दोघं गायनात शेजारी उभी. तरी पहिला प्रश्न काय? मूळचे कुठले?" मूळचे कुठले म्हणजे बाप्तिस्म्याआधी कोण होते. हा प्रश्न विचारणाऱ्या बाया मी प्रीतिभोजनाला ओळीनं बसलेल्या पाहिल्या आहेत. त्या विषयावर कादंबरी कुणी लिहिली तर मी रात्रीत वाचून काढीन.

आणि आपल्याकडे विश्वासानं जोड्या जुळण्याआधी मोडल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई लहान मुलासह मागे राहिल्या. पुढची काही वर्षं नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्यात. नगरला त्याच्याजवळ आल्यावरही त्यांनी सोवळं आणि चूल वेगळी ठेवली होती. त्यांचा बाप्तिस्मा १९००मधला. अमेरिकन कादंबरीत ही पाच वर्षं एका परिच्छेदात उरकली असती, कारण तिथे नजर विश्वासात आलेल्याकडे असते. 'स्मृतिचित्रे'मध्ये ती मागे राहिलेल्या बाईकडून कळतात. तिला रडूही येतं आणि नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाचं हसूही. टिळक क्लार्क डेव्हिस नव्हते. विक्षिप्त, उधळे, शब्दाचे पक्के आणि वेळेचे कच्चे. पण लक्ष्मीबाईंनी त्यांच्याबद्दल लिहिलेलं वाचताना मला जे होतं ते त्या बेकरीत एकदाही झालं नाही.

शनिवार

मराठीतली पहिली कादंबरी धरली जाते ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ची, हे शाळेत पाठ केलं होतं. ती एका ख्रिस्ती माणसाने लिहिली आहे हेही. आज पहिल्यांदा ती प्रेमकादंबरी म्हणून वाचायचा प्रयत्न केला.

यमुना आणि विनायक हे तरुण जोडपं, दोघांची मनं ख्रिस्ताकडे कललेली. ती प्रवासाला निघतात आणि जागोजागी त्यांना विधवांच्या कहाण्या भेटतात. केशवपन, उपास, घरातले अत्याचार. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६मध्ये झालेला. मग विनायक जातो आणि यमुना स्वतः त्याच रांगेत येते. पुढे ती बाप्तिस्मा घेते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी पुन्हा लग्न करते.

म्हणजे मार्टीचीच गोष्ट, तिच्या सव्वाशे वर्षं आधीची. प्रवास, वाटेत गेलेला नवरा, दुसरं लग्न. फक्त पदमनजींना दुसऱ्या नवऱ्यात काडीचाही रस नाही. त्यांचा सगळा जीव त्या विधवांत. जॅनेट ओक जिथून सुरुवात करतात, तिथे पोचल्यावर पदमनजी कादंबरी गुंडाळायला घेतात. यमुनेच्या दुसऱ्या घरात पहिल्या हिवाळ्यात काय घडलं, ती विनायकबद्दल बोलायची का, तिला स्वयंपाकात काय जमायचं नाही, हे विचारायची सोय नाही. मला तर तेवढंच हवं होतं.