रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, मग?

अधूनमधून एक फॉरवर्ड फिरत असतो, की बघा आमचं कोकण, रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६, आणि अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा फक्त ९२९, म्हणजे मुलींना मान देणारी माणसं आम्ही वगैरे वगैरे. खाली अंगठ्यांचा पाऊस. आकडे २०११च्या जनगणनेचे आहेत आणि बरोबर आहेत. कोकणचा अभिमान मलापण आहे, पण अरे बाबांनो त्याच तक्त्यातला शून्य ते सहा वयाच्या पोरांचा रकाना पण बघा की. तिथे रत्नागिरीसुद्धा हजाराच्या खालीच आहे. लहानपणी मुलगे जास्त, मग मोठेपणी एकदम बायका जास्त कशा झाल्या?

कशा म्हणजे काय, बाप्ये मुंबईला! मुंबई शहर जिल्ह्याचा आकडा ८३२, उपनगरचा ८६०. रत्नागिरीत जे कमी पडतात त्यातले कितीतरी तिकडे जास्तीचे निघतात, पूर्वी लालबाग-परळला, आता विरार, नालासोपारा, दिव्याला.

आणि यात मोजणीची पद्धत पण आहे. २०११ला माणसं मोजली ९ ते २८ फेब्रुवारीत. शाळेतल्या बाई फॉर्म घेऊन दारात येतात, घरात कोण कोण विचारतात, आजी थोरल्यापासून सुरू करते, त्याची बायको, नातवंडं, मग धाकटा, आणि बाई पेन वर धरून विचारतात, आजी हे सगळे आत्ता इथे राहतात का? नाही हो, गणपतीला येतात, शिमग्याला येतात. मग खोडा सगळं. उरते आजी आणि फारतर एक सून. रेशनकार्डावर नाव असूदे नाहीतर पालखीचा मान असूदे, मोजणीचे सगळे दिवस माणूस बाहेर असला की तो जिथे राहतो तिथेच मोजायचा असा नियमच आहे.

आता यातली खरी गंमत, हा आकडा उतरतोय. १९९१ला रत्नागिरीचा १२०५ होता, २००१ला ११३६. म्हणजे काय कोकणात मुलींचे हाल सुरू झाले? माझ्या मते उलट आहे, आधी गडी एकटा जायचा, गाववाल्यांच्या गाळ्यावर, म्हणजे सामायिक खोलीत राहायचा, मनीऑर्डर पाठवायचा, आता बायको-पोरांसकट बिऱ्हाडच उठतं. २००१ला जिल्ह्यात जवळजवळ १७ लाख माणसं होती, २०११ला सव्वासोळाच्या आत. सगळ्या देशाची लोकसंख्या फुगत असताना हा जिल्हा चक्क आटला, आणि त्याचा फॉरवर्ड मात्र कोणी करत नाही.

दुसऱ्या टोकाला दमण जिल्हा. २०११ला हजार पुरुषांमागे ५३४, देशात सगळ्यात खाली. लगेच हरियाणाच्या नावाने बोटं मोडतो तशी मोडू नका, दमणला कारखाने आहेत आणि बाहेरून एकटे आलेले कामगार. हरियाणाचा प्रश्न शून्य ते सहाच्या आकड्यात दिसतो, तिथे हजार मुलग्यांमागे ८३४ मुली. पण त्यांना कशाला बोलायचं, आपल्या बीडचा तोच आकडा ८०७ आहे. सहा वर्षांची पोरगी काही नोकरीला बाहेरगावी जात नाही, तिथे सबब चालत नाही.

जाणाऱ्यांचंच बोलायचं तर, जन्मगाव किंवा आधीचं राहतं गाव सोडून दुसरीकडे आलेली माणसं २०११च्या मोजणीत ४५ कोटींच्या वर भरली. कारण विचारलं तर सगळ्यात जास्त उत्तरं नोकरी नाही, लग्न! कोट्यवधी बायका. चाकरमानी म्हणून कौतुक पुरुषाचं आणि गाव सोडलेली माणसं मोजायला गेलं तर आपल्या आया, आत्या, वहिन्याच जास्त. आता पुढची मोजणी १ मार्च २०२७ च्या तारखेची आहे, सोळा वर्षांनी, तोपर्यंत हे जुनेच आकडे फिरणार, तर निदान दोन रकाने वाचून तरी फॉरवर्ड करा.