स्टुडंट पण नाही, नोकरीत पण नाही : माझी पीएचडी आणि ते 240 दिवस

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. पीएचडीला रजिस्टर होऊन दीड वर्ष झालंय, तिला दिवस गेलेत, पाचवा महिना चालू आहे आणि ऑफिसात तिला सांगितलंय की रजा वगैरे काही नसते, नाव काढा आणि नंतर परत नवीन रजिस्ट्रेशन करा. माझं डोकंच सटकलं, कारण हेच वाक्य मी 2018 मध्ये ऐकलंय. फोनवर तासभर बोलले तरी अर्धं सांगायचं राहिलंच, म्हणून आता लिहूनच टाकते.

मी बडोद्याची. माहेर रावपुऱ्यात, सासर दांडिया बाजारात, म्हणजे लग्न करून चालत दहा मिनिटांवर आले. एमए इथेच एम.एस. युनिव्हर्सिटीत, पॉलिटिकल सायन्स. पुढे विषय घेतला फॅमिली पॉलिसी. (एलआयसीची नाही. हे मला प्रत्येक लग्नकार्यात सांगावं लागतं, एका मामांनी तर मॅच्युरिटी कधी आहे असंसुद्धा विचारलं होतं.) म्हणजे बाळंतपणाची रजा, पाळणाघर, बापाची रजा, मुलांसाठीचे भत्ते, हे कुठल्या देशात सरकार देतं, कुठे मालक देतो, कुठे कोणीच देत नाही आणि मग घरातली बाई ते फुकट करते, याचा अभ्यास. आणि हे वेगवेगळ्या देशांत वेगळं का झालं हा खरा प्रश्न, तो राजकारणाचा.

नेट तिसऱ्या अटेम्प्टला निघाली, जेआरएफ (त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) हुकली, त्यावर जास्त बोलत नाही, अजून दुखतं.

रजिस्ट्रेशन जानेवारी 2017. युनिव्हर्सिटी इथली नव्हे, ट्रेननं अपडाऊन करण्याइतकी जवळ, नाव नको. टॉपिक अप्रूव्ह करायला कमिटीसमोर बसले तर पहिलाच प्रश्न, 'यात पॉलिटिकल सायन्स कुठे आहे? हा तर होम सायन्सचा टॉपिक झाला.' दुसरे सर म्हणाले, स्वीडनशी तुलना कशी होईल, त्यांची सगळी लोकसंख्या आपल्या गुजरातच्या पाव हिस्साही नाही. हा मुद्दा तसा चुकीचा नव्हता, पण मी तयारी करून गेले होते. म्हटलं सर, स्वीडनसारखं आपण करू शकतो का हा माझा प्रश्नच नाही, तिथे रजेचे पैसे इन्शुरन्समधून येतात आणि आपल्याकडे मालकाच्या खिशातून, हा फरक कोणी ठरवला आणि कधी, एवढंच शोधायचंय. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग सही केली. गाईड मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, आता हाच एक प्रश्न धरून ठेव, बाकी सगळा पसारा टाक. आख्ख्या पीएचडीत मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला.

टायमिंग पण असं की त्याच वर्षी 1 एप्रिलपासून आपला 1961 चा मॅटर्निटी बेनिफिट कायदा सुधारला, 12 आठवड्यांची रजा 26 आठवडे झाली (तिसऱ्या मुलापासून 12 च), आणि 1 जुलैपासून 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर. पेपरात कौतुकच कौतुक, आपण जगात किती पुढे वगैरे. मी पण खूश, माझा टॉपिक एकदम गरम झाला ना. पण कायदा नीट वाचायला घेतला आणि दिसायला लागलं की 26 आठवड्यांचा सगळा पगार मालकानेच द्यायचा, ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विम्यात) असलेल्या बायका सोडल्या तर. मग छोटा कारखानदार बाईला कामावर घेताना दहादा विचार करणारच. आयएलओचं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं) 2000 सालचं कन्व्हेन्शन, म्हणजे देशांमधला करार आहे, 183 नंबरचं, त्याचा सगळा रोख असा की हा खर्च विम्यातून किंवा सरकारी पैशातून यावा, एकट्या मालकाच्या डोक्यावर नको. ते आपण स्वीकारलेलंच नाही.

आणि मग एक गोष्ट सापडली त्याने मी दोन दिवस झपाटल्यासारखी झाले. 1928 मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं होतं (1929 चा बॉम्बे मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट तो), त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले होते आणि त्यात ते म्हणतात की हा बोजा खरं तर मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण हे मुळात सरकारचं काम. म्हणजे माझा आख्खा चॅप्टर तीनचा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी मांडून झालेला! आणि तोसुद्धा कोणी, तर ज्यांना सयाजीरावांची स्कॉलरशिप मिळाली आणि 1917 मध्ये नोकरीला इथे आले तर राहायला जागा कोणी दिली नाही म्हणून कमाटीबागेत झाडाखाली बसून रडले. त्या जागेवरून, आता संकल्पभूमी म्हणतात तिला, मी आठवड्यातून चारदा तरी जात असेन, लहानपणापासून. या गावाचं असंच आहे, लग्नाच्या वयाचा कायदा 1904 मध्ये, मुलींनासुद्धा सक्तीचं शिक्षण 1906 मध्ये, घटस्फोटाचा कायदा 1931 मध्ये, हे सगळं करणारं संस्थान, आणि त्याच संस्थानच्या राजधानीत परदेशात शिकून आलेल्या माणसाला खोली नाही. कागदावरचा कायदा आणि दाराच्या आतलं घर यात किती अंतर असतं हे मला स्वीडनच्या आधी इथेच दिसायला हवं होतं.

असो. आता मुख्य किस्सा. डिसेंबर 2017 मध्ये दिवस गेले, ऑगस्ट 2018 ची तारीख. तेव्हा मी एका कॉलेजात व्हिजिटिंगला शिकवत होते, तासाप्रमाणे पैसे. तिथे विचारलं तर म्हणाले मॅडम तुम्ही आमच्या एम्प्लॉयी नाही, लीव्ह कशी देणार, पुढच्या टर्मला दुसरी व्यवस्था करतो. करतो म्हणजे केलीच, जूनमध्ये माझ्या जागी दुसरी मुलगी. मग युनिव्हर्सिटीत गेले तर क्लार्कभाई म्हणाले, 'बेन, रजा तो नोकरीवाळाने मळे, तमे तो स्टुडन्ट छो.' म्हणजे इथे मी नोकरीत नाही म्हणून रजा नाही, तिथे मी स्टुडंट म्हणून रजा नाही. आणि पिशवीत माझ्याच हाताने लिहिलेलं प्रकरण, 'रजेचा हक्क कामगार कोणाला म्हणायचं यावर ठरतो'. मला तिथे बाकावर बसून हसूच यायला लागलं, क्लार्कभाईंना वाटलं चक्कर आली, बिचाऱ्यांनी पाणी आणून दिलं.

नियम होता हो. यूजीसीचं (विद्यापीठांसाठी नियम करणारा केंद्राचा आयोग) 2016 चं पीएचडी रेग्युलेशन, त्यात स्पष्ट लिहिलंय की महिला उमेदवारांना पूर्ण काळात एकदा 240 दिवसांपर्यंत मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह देता येईल, आणि मुदत जास्तीत जास्त सहा वर्षं असली तरी बायकांना वर आणखी दोन वर्षं. ऑफिसात कोणाला माहीतच नव्हतं, कारण कोणी मागितलंच नव्हतं. माझ्या आधीच्या बायका एक तर सोडून गेल्या किंवा गुपचूप बाळंत होऊन परत आल्या, एक जण तर प्रोग्रेस रिपोर्टच्या दिवशी अठरा दिवसांच्या बाळाला बाहेर आईच्या मांडीवर ठेवून प्रेझेंटेशन देऊन गेली म्हणे.

मी गॅझेटची झेरॉक्स काढली, ती ओळ पिवळी केली, अर्ज लावला. पहिल्यांदा म्हणाले गाईडची शिफारस पाहिजे. आणली. दुसऱ्यांदा म्हणाले यात 'मे' लिहिलंय, 'शॅल' नाही, म्हणजे द्यायलाच पाहिजे असं नाही. (ही हुशारी मात्र मानली मी.) तिसऱ्यांदा फाइल सापडेना. सहाव्या महिन्याचं पोट घेऊन मी सकाळच्या ट्रेनने जायची आणि मेमू लोकलमध्ये उभी राहून परत यायची. शेवटी गाईड मॅडम स्वतः बसल्या समोर, म्हणाल्या तुम्ही नाही म्हणताय ना, मग नाही असं कारणासकट लेखी द्या. लेखी नकार कोणालाच द्यायचा नसतो, आठ दिवसांत मंजुरीचं पत्र आलं. त्या अर्जाच्या कॉपीवर मी इनवर्ड नंबर आणि शिक्का घेऊन ठेवला होता म्हणून फाइल 'सापडली', हे लक्षात ठेवा.

मुलगी झाली, आठ महिने मी काहीही वाचलं नाही. लोक सांगतात बाळ झोपलं की वाचायचं. बाळ झोपलं की मी झोपायचे.

परत सुरू केलं ते आईंच्या जिवावर, म्हणजे सासूबाईंच्या. सकाळी साडेनऊला मुलगी त्यांच्याकडे देऊन मी हंसा मेहता लायब्ररीत, दुपारी दोनला परत. या हंसाबेन म्हणजे एम.एस.च्या पहिल्या कुलगुरू, 1949 पासूनच्या, आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सगळे पुरुष' ऐवजी 'सगळी माणसं' असा शब्द त्यांनी लावून धरला. तर मी त्यांच्या नावाच्या लायब्ररीत बसून लिहीत होते की काही देशांत मुलं सांभाळायचं काम राज्य घरावरच सोडतं, आणि घरी एक बासष्ट वर्षांची बाई गुडघे दुखत असताना माझ्या मुलीच्या मागे पळत होती. थिसिसच्या ऋणनिर्देशात आईंचं नाव पहिलं आहे, पण खरं तर त्या मेथडॉलॉजीत यायला हव्या होत्या.

फील्डवर्क मकरपुरा जीआयडीसीतल्या (इथली औद्योगिक वसाहत) बायकांबरोबर केलं, चौतीस जणी. 26 आठवडे हा शब्द त्यातल्या फार थोड्यांनी ऐकला होता. कायद्याला आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं लागतं, आणि त्यांचं नाव कधी या कॉन्ट्रॅक्टरकडे तर कधी त्या, मध्ये ब्रेक, 80 दिवस सिद्ध करणार कशाने? दिल्लीतल्या मस्टर रोलवरच्या, म्हणजे हजेरीपटावर रोजंदारीने काम करणाऱ्या बायकांना हा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने 2000 मध्येच सांगितलंय, पण आधी मस्टरवर नाव तर पाहिजे. एक जण म्हणाली, 'बेन, तुम्हाला पण नाही मिळाली ना, मग तुम्ही आमच्यातल्याच.' मी ते लिहून घेतलं आणि बराच वेळ पुढचा प्रश्न विचारता आला नाही.

लॉकडाऊनच्या वर्षी सरकारचा टाइम यूज सर्व्हे आला, 2019 चा, लोक दिवसाचा वेळ कशावर घालवतात त्याचा. घरकामावर जे वेळ देतात त्यांच्यात बाईचा दिवसाचा वेळ 299 मिनिटं, पुरुषाचा 97. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो कांदा चिरत होता, म्हणाला '97? एवढं कोण करतं?' मग सांगितलं की हे 97 जे करतात त्यांचं आहे, दिवसभरात असं काही करणारे पुरुषच शंभरात 26. त्यावर तो कांदा दाखवून म्हणाला मग मी 26 मध्ये. होता, पण दोन वर्षांपूर्वी नव्हता, हे मी बोलले नाही, कांदा चिरून व्हायचा होता.

स्वीडनचं पण असंच, एका रात्रीत झालेलं नाही. 1974 मध्ये त्यांनी बाईची रजा काढून आई-बाप दोघांची केली, तर पहिल्या वर्षी बापांनी घेतलेले दिवस अर्धा टक्का. सरकारने एका दणकट वेटलिफ्टरच्या हातात बाळ देऊन पोस्टर काढली, तरी फार हललं नाही. 1995 मध्ये एक महिना बापाच्या नावाने राखून ठेवला, घेतला नाही तर गेला, तेव्हा आकडा हलला. आता रजेच्या 480 दिवसांपैकी 90-90 दिवस प्रत्येकाचे राखीव. जर्मनीनेही 2007 मध्ये तसंच केलं, दोघांनी घेतली तर दोन महिने जास्त. म्हणजे भाषणाने नाही, 'नाही घेतलं तर वाया जाईल' याने बाप घरी बसला. हे आमच्या खंडेराव मार्केटातल्या कोणालाही पटेल.

थिसिस ऑगस्ट 2023 मध्ये दिला. सहा वर्षं जानेवारीत संपली होती, पण ते 240 दिवस पुढे धरले म्हणून एक्स्टेन्शन मागायलाच लागलं नाही. व्हायवात (थिसिसच्या तोंडी परीक्षेत) बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल मॅडमनी विचारलं, कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं काय? त्याच ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आलेला, कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी मॅटर्निटीचा हक्क संपत नाही, कविता यादव केस, थिसिसमध्ये घालायला वेळ मिळाला नव्हता पण पाठ होता. सांगितला. ओपन व्हायवा होता, मागे सासरे बसले होते, कोणाला प्रश्न आहे का म्हटल्यावर त्यांनी हात वर केला आणि विचारलं, 'आजीला रजा कुठल्या देशात मिळते?' सगळे हसले. मी म्हटलं स्वीडनमध्ये तसा बदल येतोय, आई-बाप आपले काही दिवस दुसऱ्या कोणाला देऊ शकतील, आजीला पण. ते म्हणाले हे आधी सांगायचं ना.

आता मी एका प्रायव्हेट संस्थेत आहे, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, इंटरव्ह्यूत अर्थातच विचारलं की मूल लहान आहे, मॅनेज कसं करणार. नवऱ्याला त्याच्या कुठल्याच इंटरव्ह्यूत विचारलं नाही, मी खात्री करून घेतली.

त्या फोनवाल्या मुलीला मी संध्याकाळी गॅझेटची कॉपी पाठवली. आता 2022 चं नवीन रेग्युलेशन आहे, त्यातही 240 दिवस आहेत, तेच दाखवायचं, आधी स्वतःच्या रजिस्ट्रेशनला कुठलं लागू होतं ते बघून. अर्ज दोन कॉपीत, गाईडची सही आधीच घेऊन, इनवर्डचा शिक्का मारून घ्यायचा, आणि तोंडी नाही म्हणाले तर लेखी मागायचं. तिचा रात्री मेसेज आला, 'ते म्हणतायत मे लिहिलंय.' म्हटलं बरोबर, दुसरी फेरी झाली, आता फाइल हरवेल.