विमानात दोघं होते

शुक्रवार, रात्री

आज स्कॅन आले. धाकट्या आजोबांच्या हवाई दलातल्या स्क्वाड्रनच्या, म्हणजे तुकडीच्या, ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकची (रोजच्या नोंदवहीची) पानं, १९४४च्या पहिल्या काही महिन्यांची. जेवणं उरकून बसले ती आत्ता उठतेय. मायक्रोफिल्मवरून काढलेली पानं आहेत, कडा काळ्या, कुठे टाइपरायटरची शाई फुटलेली, कुठे अक्षर उमटलंच नाही. पण डोळे ताणले की लागतं.

धाकटे आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे पाठचे भाऊ. माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी ते गेले, तरी घरात सगळे त्यांना धाकटे आजोबाच म्हणतात. त्यांच्याबद्दल आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच, की ते हवाई दलात होते, विमानात मागच्या सीटवर मशीनगन घेऊन बसायचे आणि ब्रह्मदेशच्या लढाईत परत आले नाहीत. याउपर आत्याआजी एक वाक्य म्हणायची, दर वेळी त्याच शब्दांत. "त्या पायलटानं नेलं माझ्या भावाला."

पायलटचं नाव तिला माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. पण विमान त्याच्या हातात होतं आणि ते पडलं, यापलीकडे तिला काही लागत नव्हतं. ती जाईपर्यंत तिचा राग तसाच होता. आम्हा मुलांनाही मग त्या बिननावाच्या माणसाबद्दल एक अढी बसली.

त्यांचं विमान व्हल्टी व्हेंजन्स होतं, हे आधी कळलं होतं. अमेरिकन बनावटीचं, एका इंजिनाचं, दोघांचं डाइव्ह बॉम्बर, म्हणजे खाली झेपावून बॉम्ब टाकणारं. इंडियन एअर फोर्सच्या दोनच स्क्वाड्रन लढाईत ते उडवत होत्या, ७ आणि ८ नंबरच्या. आठवी १९४३च्या डिसेंबरपासून चितगावच्या बाजूने ब्रह्मदेशातल्या आराकानवर, सातवी १९४४च्या मार्चपासून आसामातल्या उदरबंद-कुंभीरग्राम भागातून. (कुंभीरग्राम म्हणजे आजचा सिल्चरचा विमानतळ. किती लोक तिथे उतरत असतील, कोण कशाला हा विचार करतंय.) यातली आमची कुठली, कुठल्या तारखेला काय झालं, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्या विमानात दुसऱ्या घरचाही माणूस होता. त्या घरच्यांना विचारल्याशिवाय त्याची ओळख पटेल असं काही लिहिण्याचा मला हक्क नाही.

शनिवार

या वहीत दोन प्रकारचे फॉर्म असतात. ५४० नंबरच्या फॉर्मवर दिवसाचा गोषवारा: हवा कशी होती, कोण बदलून आलं, कोण रजेवर गेलं. ५४१वर प्रत्येक उड्डाणाची नोंद, रकाने आखून. विमानाचा प्रकार आणि नंबर, त्यातली माणसं, काम काय, किती वाजता वर गेलं, किती वाजता खाली आलं, पुढे तपशील. शोधायला बसणाऱ्या कुणालाही मी सांगेन, विमानाचा नंबर हाती लागला की तो धरून चाला. आपल्याकडच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्या कारकुनागणिक बदलतं. धाकट्या आजोबांच्या आडनावात कधी एक अक्षर जास्त आहे, कधी दोन कमी. नंबर सहसा तोच राहतो.

त्या दिवसाचं पान मी काल रात्रीच वाचलं. आज सकाळी मात्र सुरुवातीपासून एकेक पान वाचायला घेतलं आणि माणसांच्या रकान्यावरच अडकले.

सुरुवातीच्या पानांवर धाकट्या आजोबांचं नाव कधी एका पायलटबरोबर, कधी दुसऱ्याबरोबर. मग एका पानापासून पुढे एकच नाव शेजारी येतं. पायलट, आणि त्याच ओळीत हे. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवस हवा खराब, उड्डाणं नाहीत. मग पुन्हा तेच दोघं. विमानाचे नंबर बदलतात, लक्ष्याची ठिकाणं बदलतात, ही जोडी बदलत नाही. मध्ये एकदाच हे वेगळ्या पायलटबरोबर गेले. ते विमान इंजिनाच्या बिघाडामुळे अर्ध्या वाटेवरून परतलं. पुढच्या उड्डाणाला पुन्हा आपल्या माणसाबरोबर.

त्या इंजिनांबद्दल बरंच वाचलं आहे. राइट कंपनीचं सायक्लोन, १६०० अश्वशक्तीचं. सुरुवातीला भारतात त्यांनी फार त्रास दिला. तेल प्यायची, तापायची. अशा इंजिनावर बसून डोंगर ओलांडायचे, बॉम्ब टाकायचे आणि तेच डोंगर ओलांडून परत यायचं. मागे बसणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं. पुढच्यावर भरवसा नसेल तर एक दिवस निघणार नाही. हे महिनोन् महिने निघत होते, एकाच माणसाच्या मागे बसून.

आत्याआजीच्या वाक्यात हे कुठेच नव्हतं. तिला कळवलंच नव्हतं कुणी. तिच्या हाती आली होती फक्त तार. ‘मिसिंग’ म्हणणारी. महिने उलटल्यावर सरकारी कामापुरतं मृत धरल्याचं पत्र. बाकी सगळं तिनं आपल्या मनानं भरलं, आणि त्यात तिचा काय दोष? घरात त्यांची तिथीसुद्धा तार आली त्या दिवसाची धरत. खरी तारीख तिच्या आधीची आहे.

रविवार

पायलटचं नाव मला या पानांच्या आधीच मिळालं होतं, ते कसं हे लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७पासून दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी सांभाळते. तिची यादी कुणालाही फुकट पाहता येते. आधी आपल्या माणसाचं नाव शोधायचं, स्पेलिंगं उलटीपालटी करत. सापडलं की हुद्दा, सर्व्हिस नंबर, तारीख मिळते, कधी वडिलांचं नाव आणि गावही. मग नाव पुसून टाकायचं आणि फक्त तारीख, हवाई दल आणि भारतीय एवढंच टाकून पुन्हा शोधायचं. त्या दिवशी गेलेले बाकीचे समोर येतात. मला असंच दुसरं नाव दिसलं.

दोघांचीही नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. ज्यांची कबर वा दहनाची जागा ठाऊक नाही अशा २४,००० हून जास्त माणसांची नावं तिथे आहेत, आणि दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आकाशात हरवलेले विमानदलाचे लोक त्यातच येतात. नावं हुद्द्याप्रमाणे लावलेली. पायलट अधिकारी, धाकटे आजोबा सार्जंट. एकाच विमानात गेले, पण दगडावर शेजारी नाहीत. मला हे खुपलं, खरंच खुपलं.

आता त्या दिवसाच्या नोंदीबद्दल. ती फार छोटी आहे. सहा विमानं गेली, पाच आली. आमचं विमान रांगेत शेवटचं. डाइव्हमध्ये शिरताना पाहिलं, वर येताना पाहिलं नाही. खाली नकाशाचा संदर्भ, दोन अक्षरं आणि चार आकडे. खाली उतरल्याच्या वेळेच्या रकान्यात टाइप केलेली आडवी रेघ. कारण लिहिलेलं नाही. शत्रूच्या तोफांचा उल्लेख त्या दिवशीच्या दुसऱ्या एका विमानाच्या ओळीत आहे, आमच्या ओळीत नाही.

पाहिलं नाही म्हणजे काय, हे मी आज दुपारभर समजून घेत बसले. व्हेंजन्स अक्षरशः सरळ खाली झेपावायचं, नाक जमिनीकडे, नव्वद अंशांत. सहा विमानं एकामागून एक. पुढच्या सीटवरच्या पायलटची नजर लक्ष्यावर. मागच्या गनरचं तोंड शेपटीकडे. विमान उभं खाली जात असताना तो जमिनीकडे पाठ करून पडलेला असतो आणि त्याला दिसतं ते आकाश, आणि त्या आकाशातून आपल्या मागोमाग येणारं पुढचं विमान. म्हणजे शेवटच्या विमानाला पाहू शकणारा माणूस एकच, पाचव्या विमानातला गनर. त्यानं पाहिलं ते डाइव्ह सुरू होताना. मग त्याचं स्वतःचं विमान वर उचललं गेलं असणार. त्या क्षणी छातीवर, मानेवर जो भार येतो त्यात डोळ्यांपुढे काळोखी येते. खाली पाच विमानांच्या बॉम्बचा धूर. त्यानंतर त्यानं पाहिलं तेव्हा मागे कुणी नव्हतं.

तोफेचा गोळा लागला असेल. वर उचलायला क्षणभर उशीर झाला असेल. कंट्रोल अडकले असतील. पायलट शुद्धीवर नसेल. यातलं प्रत्येक कारण या विमानांच्या बाबतीत शक्य आहे आणि यातल्या एकाचाही पुरावा माझ्याकडे नाही. हरवलेल्या नातेवाइकांबद्दल लिहिताना लोक ‘शत्रूने पाडलं’ असं सर्रास लिहितात, कारण ते वाचायला बरं वाटतं. मला ते पटत नाही. तितकंच, पायलट चुकला हेही मी लिहिणार नाही. आमच्या घरात ते पिढ्यान् पिढ्या बोललं गेलं आणि त्याला कागदाचा आधार कधीच नव्हता.

गुरुवार

पायलटच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि गाव होतं. हवाई दलातून निवृत्त झालेल्या, त्याच भागातल्या एका गृहस्थांनी चौकशी केली आणि पायलटच्या पुतणीचा पत्ता मिळवून दिला. वेगळा प्रांत, वेगळी भाषा. मी इंग्रजीतच लिहिलं होतं. पहिल्या पत्रात आत्याआजीच्या वाक्याचा उल्लेख केला नाही. दोघं किती काळ एकत्र उडत होते ते लिहिलं आणि त्या पानांच्या प्रती जोडल्या.

आज उत्तर आलं. बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्याकडे काकांची पदकं आहेत आणि आघाडीवरून आईला लिहिलेलं एक पत्र. त्यात त्यांनी आपल्या गनरबद्दल लिहिलंय. नाव नाही, नुसतं ‘माझा गनर’. तो इतका किरकोळ आहे की पॅराशूटचे पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी ढिले राहतात, म्हणून उडण्याआधी मी स्वतः ते तपासतो, असं. बाईंनी ती ओळ माझ्यासाठी भाषांतर करून पाठवली आणि विचारलं, हे तुमचेच का?

आमचेच. धाकटे आजोबा अंगानं काटकुळे होते, हे घरात सगळे सांगतात. भरतीच्या वेळी वजन कमी भरेल म्हणून आजोबांना धाकधूक होती, ही गोष्ट बाबांनी लहानपणी ऐकलेली. मी बाबांना ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. ते उठून आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाले, पुन्हा वाच.

पत्राच्या शेवटी बाईंनी एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या आजीनं उरलेलं आयुष्य एकाच विचारात काढलं, की आपल्या मुलाच्या हातून दुसऱ्याचा मुलगा गेला का. त्यांनी सरळ विचारलंय, चूक काकांची होती असं कुठे लिहिलंय का? असेल तर सांगा, लपवू नका.

शुक्रवार

पत्र लिहून झालं. सकाळी पाठवलं.

नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. मग सहा विमानांचा क्रम, कोण कुठे बघू शकत होतं, आणि कारणाची जागा कोरी आहे ती कोरीच का ठेवायची, हे सगळं सविस्तर. आत्याआजी काय म्हणायची तेही लिहिलं. बाईंनी लपवू नका म्हटल्यावर मला दुसरा मार्ग नव्हता, आणि मला तो हवाही नव्हता. तिला ही पानं कुणी दाखवली नव्हती आणि तिचा राग ज्याच्यावर होता तोच माणूस तिच्या भावाचे पट्टे तपासून देत होता, हेही लिहिलं. खाली माझ्याबरोबर बाबांनीही सही केली.

जागेबद्दलही विचारलं होतं त्यांनी. त्या काळच्या लष्करी नकाशांवर चार आकड्यांचा संदर्भ म्हणजे एक हजार यार्डांचा एक चौकोन, साधारण ९१४ मीटर बाजूचा. तो चौकोन मी जुन्या नकाशावर आखून पाठवलाय. समोच्च रेषा इतक्या दाट आहेत की चौकोनात कागदाचा पांढरा भाग जवळजवळ उरत नाही. सरहद्दीपलीकडे आहे, आजच्या म्यानमारमध्ये, आणि २०२१पासून तिथे जी लढाई चालली आहे ती पाहता जायचा विचारही करता येत नाही. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलानं बेपत्ता लोकांच्या शोधासाठी खास पथकं पाठवली होती. या चौकोनापर्यंत त्यांच्यातलं कुणी पोचलं होतं का, हे त्यांच्या अहवालांत बघायचं आहे. ते काम आता आम्ही दोघी वाटून करणार आहोत.

बाईंनी आमच्या घरात कुणाला ते पत्र प्रत्यक्ष बघायचं असेल तर या, असंही लिहिलंय. बाबा पुढच्या महिन्यातली तिकिटं बघतायत. मी त्याआधी पाचव्या विमानातल्या गनरचं नाव नीट लावून घेणार आहे. यादीत तो मृतांमध्ये नाही. म्हणजे तो परत आला होता, आणि कुठेतरी कुणाला तरी त्यानं त्या दिवसाबद्दल काहीतरी सांगितलं असेल.