गॅरेजची फरशी: आधी ओल तपासा, मग रंग निवडा

ठाणे-नवी मुंबईत रो-हाऊसच्या गॅरेजला इपॉक्सी कोटिंग (फरशीवर ओतून कडक होणारा रेझिनचा थर) करायचं असेल, तर शेड कार्ड उघडण्याआधी कोब्यातली ओल बघा. दीड बाय दीड फुटाचं जाड प्लास्टिक कोब्यावर पसरा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून थेंब धरले असतील किंवा खालचा कोबा काळपट पडला असेल, तर इपॉक्सी नकोच. खालून चढणारी ओल त्या थराला फोड आणते आणि मग पापुद्रे सुटतात. ही तपासणी पावसाळ्यातच करा. मे महिन्यात खाडीलगतचा कोबाही कोरडा भासतो.

कोबा नवा असेल तर 28 दिवस थांबायचं. गुळगुळीत पृष्ठभाग ग्राइंडरने खरवडून घ्या. टाकलेलं पाणी चटकन मुरलं पाहिजे, मोत्यासारखं वर राहता कामा नये. ऑइलचा डाग राहिला की तापलेला टायर नेमका तिथलाच थर उचकटतो. इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर, डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा, अंदाजाने ओतलं तर फरशी चिकट राहते.

ओल निघाली तर सरळ खडबडीत पार्किंग टाइल्स लावा. टाइलखाली मसाला पूर्ण भरलेला हवा. ठोकून पोकळ आवाज आला, तर ती टाइल चाकाखाली तडकणारच. गवंडी असतानाच बदलून घ्या. दाराकडे मीटरमागे 1 सेंमी उतार ठेवा.

पीव्हीसीच्या जोडटाइल्स झटपट बसतात, पण खाली पाणी साचून कुबट वास येतो.